प्रतिसाद: एमआरआय स्वच्छ, तरी सीटी का?
वडिलांचा एमआरआय स्वच्छ आला, तरी सीटी स्कॅन कशाला, असं तुम्ही विचारलंय. त्यावरचं 'एमआरआय स्वच्छ आला म्हणजे मेंदूत कॅल्शियम नाही' हे म्हणणं पटलं नाही. कॅल्शियम सीटीवर हाडासारखं पांढरं उठून दिसतं. साध्या एमआरआयवर ते निसटू शकतं.

मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतला कॅल्शियमचा ठिपका मोठ्या माणसांत नेहमीचाच, तो सोडा. पण नाशिकरोडच्या माझ्या मावशीच्या सीटीत दोन्ही बाजूंच्या बेसल गँग्लियात (मेंदूच्या आत खोलवर, हालचाली सांभाळणारा भाग) कॅल्शियमचे डाग निघाले. आम्ही घाबरून थेट मुंबई गाठायच्या बेतात! इथल्याच डॉक्टरांनी आधी विचारलं, "थायरॉइडचं ऑपरेशन झालंय का?" झालं होतं, 15 वर्षांपूर्वी. तेव्हापासून पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) मंदावलेल्या, रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं. हातापायांना वांब यायचे, ते आम्ही वयावर ढकलत होतो (मावशी स्वतः तर द्राक्षांच्या हंगामातल्या कामावर). डाग तसेच आहेत, वांब मात्र गोळ्यांनी थांबले. तुमच्या वडिलांचं कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) तपासलंय का?