जुन्या खंडीय कवचावर पीएचडी करायचीय, पण त्यात आता नवीन काही उरलंय का?

गारगोटी_७:
नमस्कार मंडळी, एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएचडी आर्कियन काळातल्या कवचावरच करायची असं डोक्यात बसलंय, म्हणजे ते तीन-साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचे नाइस (दाब-उष्णतेने पट्टे पडलेले खडक), टीटीजी (ग्रॅनाइटसारखे जुने खडक) वगैरे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो ते सगळं करून झालंय, सगळ्यात जुना खडक सापडला, सगळ्यात जुना झिरकॉन (ज्यावरून वय काढतात तो खनिजाचा बारीक कण) सापडला, आता तू काय करणार, त्यापेक्षा भूजल घे नाहीतर रिमोट सेन्सिंग घे. दुसरं म्हणजे पेपर वाचायला घेतला की निम्मी पानं मशीनचीच, लेझर, स्पॉट साइझ (बीमचा ठिपका केवढा), करेक्शन, खडक कुठे दिसतच नाही. तर या लाइनीतला माणूस आयुष्यभर करतो तरी काय? हातोडा घेऊन फिरतो की लॅबमध्ये बसतो? आणि खंड कसे तयार झाले हा प्रश्न खरंच अजून सुटलेला नाहीये का? गोड गोड नको, जे आहे ते सांगा.

झिरकॉनवाली:
सुटलेला नाहीये, आणि बारीकसारीक तपशील राहिलेत असंही नाही, मुळातच भांडण आहे. समुद्राखालचं कवच जेमतेम २० कोटी वर्षांपर्यंतचं मिळतं, त्याआधीचं बहुतेक सगळं परत कवचाखालच्या मँटलमध्ये गेलं. खंडांचं कवच हलकं म्हणून तरून राहिलं, म्हणजे पृथ्वीच्या पहिल्या दोन-अडीच अब्ज वर्षांचा पुरावा हवा तर तो इथेच, आणि तोही तुकड्यातुकड्यांत. आता हे कवच हळूहळू वाढत गेलं, की सुरुवातीलाच आजच्याइतकं तयार झालं आणि मग जेवढं नवीन बनलं तेवढंच जुनं मँटलमध्ये परत जात राहिलं? रिचर्ड आर्मस्ट्राँग नावाचा माणूस हे दुसरं वर्षानुवर्षं सांगत होता आणि बहुतेकांना ते पटत नव्हतं. आजही वेगवेगळ्या ग्रुपचे वाढीचे आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच पृथ्वी आहे का अशी शंका येते.

टीटीजीचंही तेच. पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर अर्धवट वितळला की असा मॅग्मा तयार होतो यावर साधारण एकमत आहे. त्यात यटर्बियमसारखी जड दुर्मिळ मूलद्रव्यं कमी दिसली तर ती खाली उरलेल्या गार्नेट या खनिजाने धरून ठेवली असं आपण म्हणतो, आणि गार्नेट होतं म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर किंवा त्याहून खाली वितळलं. पण तो बेसॉल्ट तिथे गेला कसा? एक प्लेट दुसरीखाली घुसली म्हणून, की बेसॉल्टचा थरच इतका जाड झाला की त्याचा तळ वितळला? केमिस्ट्री दोन्ही बाजूंना लावता येते, तीच तर अडचण आहे :)

नकाशेबाज:
वरचा प्रतिसाद चांगला आहे पण वाचून पोराला वाटेल की सगळा खेळ केमिस्ट्रीचा. माझं मत उलट आहे, या विषयातली मोठी कामं पायी फिरून झालीत.

ग्रीनलंडचं उदाहरण घे. व्हिक मॅकग्रेगर हा न्यूझीलंडचा माणूस नैऋत्य किनाऱ्यावर मॅपिंग करत होता. तिथे मैलोन्‌मैल राखाडी नाइस, सगळं दिसायला सारखंच. त्याच्या लक्षात आलं की काही नाइसमध्ये काळ्या डाइक (भेगांत मॅग्मा घुसून झालेल्या खडकाच्या भिंती) घुसलेल्या आहेत, नाइसबरोबरच दाबल्या गेलेल्या, तुटलेल्या, आणि बाकीच्या नाइसमध्ये त्या नाहीतच. म्हणजे आधी एक नाइस, मग डाइक, मग दुसरा नाइस, सरळ हिशोब. एवढ्यावर त्याने म्हटलं की पहिला गट फारच जुना असणार, आणि तेव्हा हे पचायला जड होतं. मग ऑक्सफर्डला स्टीफन मूरबाथच्या लॅबमध्ये नमुने गेले आणि १९७१ मध्ये तारीख छापून आली, साडेतीन अब्जांच्या पुढची, तोवर एवढा जुना खडक माहीतच नव्हता. मशीनने आकडा दिला हे खरं, पण कुठला खडक मशीनमध्ये घालायचा हे डाइकनी सांगितलं.

आणि उलटं काय होतं तेही बघ. तिथलंच अकिलिया बेट. १९९६ मध्ये दावा झाला की तिथल्या खडकात ३.८५ अब्ज वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीची खूण आहे. आता ते ३.८५ त्या खडकाचं वय नव्हतंच, शेजारच्या नाइसचं होतं, आणि तो नाइस या खडकाला कापून गेलाय म्हणून हा त्याहून जुना असा तर्क. पुढे दुसरे लोक तिथे जाऊन म्हणाले की अहो कापलंय कुठे, सगळं इतकं पिळवटलंय की दोन्ही फक्त शेजारी येऊन पडलेत. मग लागली जुंपायला. एवढा जगभर गाजलेला दावा आणि वाद कशावरून, तर एका उघड्या कातळावर दोन खडकांची रेघ कशी जाते यावरून. मशीन तिथे काही करू शकत नाही.

झिरकॉनवाली:
@नकाशेबाज मान्य आहे, पण जॅक हिल्सला काय मॅप करणार तुम्ही? पश्चिम ऑस्ट्रेलियातले ते ४.४ अब्ज वर्षांचे कण खूप नंतर साचलेल्या वाळूगोट्यांच्या खडकात सापडतात, ज्या खडकात ते जन्मले तो कधीच झिजून गेला. फील्ड रिलेशन (कुठला खडक कुठल्याला कापतो ते) शिल्लकच नाही. जे काय आहे ते कणाच्या आत, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) कळलं की इतक्या लवकर पृष्ठभागावर पाणी होतं. हा निष्कर्ष पायी फिरून निघाला नसता.

@गारगोटी लॅबमध्ये नेमकं काय चालतं ते सांगते. खडक फोडायचा, दळायचा, आणि प्रत्येक नमुन्याआधी क्रशर घासून घासून साफ करायचा कारण आधीच्या नमुन्याचा एक कण राहिला तर तुमच्या खडकात भलत्याच वयाचा पाहुणा निघतो. मग टेबलवर पाण्याने, जड द्रवाने, चुंबकाने वेगळं करत करत शेवटी चिमूटभर उरतं आणि ते मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक कण उचलून लावायचं. कण केसाच्या जाडीएवढे, शिंक आली की संपलं. इपॉक्सीत बसवून निम्म्यापर्यंत घासले की इलेक्ट्रॉनच्या बीमखाली आतली वर्तुळं दिसतात, झाडाच्या खोडासारखी. गाभा एका वयाचा, कडा दुसऱ्या. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिशाला जवळजवळ फिरकूच देत नाही, म्हणून आत जे शिसं आहे ते युरेनियमच्या विघटनातूनच आलेलं. त्यात युरेनियमचे दोन आयसोटोप, दोन घड्याळं, एकाचं अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं आणि दुसऱ्याचं ७०.४ कोटी. दोन्ही जुळली तर विश्वास ठेवायचा, नाही जुळली तर शिसं गळलंय किंवा तुम्ही गाभा आणि कडा दोन्हींवर मिळून बीम मारलाय. तुला पेपरमध्ये स्पॉट साइझची पानं बोअर होतात ना, ती याच्यासाठी असतात.

गारगोटी_७:
दोघांचे खूप आभार, आता चित्र बरंच क्लियर झालं. पण मग सुरुवात कुठून करू? आणि जुनात जुन्या खडकाचा प्रश्न तरी मिटलाय ना, कॅनडातला अकास्टा नाइस ४.०३ अब्ज, पुस्तकात तेच आहे.

जुनाखोंड:
तो पण मिटलेला नाही बाबा. कॅनडातच नुव्वुआगित्तुक म्हणून पट्टा आहे, २००८ मध्ये तिथल्या बेसॉल्टी खडकाला ४.२८ अब्ज म्हणाले, लगेच दुसरे म्हणाले ३.८ च्या आसपासच. तिढा असा की बेसॉल्टी खडकात झिरकॉन जवळजवळ नसतोच, म्हणजे नेहमीचं घड्याळच नाही, मग समॅरियम-निओडायमियम या दुसऱ्या घड्याळावर जावं लागतं आणि ते कसं वाचायचं यावर वाद. २०२५ मध्ये परत पेपर आला, पट्ट्यात घुसलेल्या खडकांचं वय ४.१६ अब्ज, म्हणजे बाकीचा पट्टा त्याहून जुना. सगळ्यांना पटलंय असं समजू नकोस. वर अकिलियात जो मुद्दा आला तोच इथेपण, कोण कोणात घुसलंय.

करियरचं म्हणशील तर गोड गोड नको म्हणालास म्हणून सांगतो, फक्त या विषयाच्या नोकऱ्या थोड्याच असतात. पीएचडी, मग पोस्टडॉक, मग आणखी एक पोस्टडॉक, गाव बदलत राहायचं, चाळिशीच्या आसपास कुठेतरी टेकायला मिळालं तर मिळालं. माझ्या बरोबरचे बरेच जण सोनं, निकेल शोधणाऱ्या कंपन्यांत गेले आणि मजेत आहेत, कारण ग्रीनस्टोन पट्टे (जुन्या बेसॉल्टी लाव्हाचे पट्टे) वाचता येणारा माणूस त्यांना लागतोच. म्हणून मॅपिंग आणि पातळ छेद (खडकाचे बारीक काप) मायक्रोस्कोपखाली बघणं या दोन गोष्टी पक्क्या कर, त्या कुठेही चालतात. मशीनचं काय, ते दर दहा वर्षांनी बदलतं, पोस्टडॉकमध्येही शिकता येतं.

गाइड निवडताना एकच बघ, त्याचे विद्यार्थी स्वतः नमुने गोळा करतात की कपाटातल्या जुन्या पावडरी त्यांच्या हातात देतात. दुसरं असेल तर पेपर पटापट होतील, पण व्हायव्हात कुणी विचारलं की हा खडक शेजारच्याला कुठे चिकटलाय तर बोलती बंद. आणि क्रेटॉनच्या (खंडाचा जुना स्थिर गाभा) नावावर भाळू नकोस, पिलबारा, बार्बर्टन, सिंहभूम, सगळीकडे काम पडलंय. कडेकडेचे भाग बघ जिथे जुने नकाशे नुसतं 'ग्रॅनाइट' लिहून मोकळे झालेत. त्या एका रंगात तीन-चार वयाचे खडक निघतात बऱ्याचदा.

नकाशेबाज:
शेवटच्या मुद्द्याला +१. आणि झिरकॉनताई, जॅक हिल्सचा मुद्दा बिनतोड आहे, पण ते कण ज्या थरात मिळाले तो थर कुणीतरी आधी नकाशावर काढलाच होता ना :)

झिरकॉनवाली:
होता हो होता. @गारगोटी, व्यनि (खाजगी निरोप) कर, नमुन्यांच्या वहीत काय काय नोंदवायचं त्याची माझी यादी पाठवते. कातळावरून तुकडा काढण्याआधी फोटो, स्केल ठेवून, आणि शेजारचा खडक फ्रेममध्ये आलाच पाहिजे.