टाउन मीटिंगला जाऊ का? मत नाही, पण समोरचं शेत वाचावंसं वाटतंय

कोरडी_भेळ

नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी आम्ही बॉस्टनच्या अपार्टमेंटमधून मॅसॅच्युसेट्समधल्याच एका छोट्या गावात राहायला आलो. एक चर्च, एक लायब्ररी, एक फायर स्टेशन, झालं गाव. आमच्या रस्त्यावर पुढे एक शेत आहे, मका आणि भोपळे लावतात, सीझनला बाहेर टेबलावर भोपळे मांडलेले असतात आणि पैसे टाकायला कॉफीचा रिकामा डबा, बसलेलं कोणी नसतं. माझ्या पोरीला चालता यायला लागलं ते त्या टेबलापर्यंत जायच्या ओढीनं असं आमच्या घरात म्हणतात.

तर मालक आता थकलाय, मुलं बाहेरगावी, बिल्डरची ऑफर आलीय. ते शेत गावानं विकत घ्यायचं का यावर टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावातल्या मतदारांच्या सभेत, मतदान आहे. पोस्टानं एक जाड पुस्तिका आली, वर लिहिलेलं 'वॉरंट', माझं धाबं दणाणलं, म्हटलं आपण असं काय केलं बुवा! मग कळलं की मीटिंगच्या विषयपत्रिकेलाच इथे वॉरंट म्हणतात.

आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे मत नाही. बायको म्हणते मत नाही तर तिथे जाऊन काय खुर्च्या मोजणार का. तुमच्यापैकी कोणी गेलंय का अशा मीटिंगला? नक्की काय होतं तिथे? आणि गावातल्या अशा गोष्टींच्या, परेड-बिरेडच्या तुमच्या आठवणी असतील तर त्याही लिहा, सध्या वाचायचा मूड आहे.

शरयू_काकू

अरे जा, बेलाशक जा. मी या राज्यात अठ्ठावीस वर्षं आहे आणि पहिल्या सात वर्षांत मलाही मत नव्हतं तरी जायचे. आमची मीटिंग हायस्कूलच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या कोर्टावर खुर्च्या मांडलेल्या. दारात मतदार यादीत रस्त्याच्या नावानुसार तुमचं नाव शोधतात, नाव असलं की हातात एक रंगीत कार्ड, मत द्यायचं असलं की ते वर करायचं. मत नसणाऱ्यांना एका बाजूला वेगळं बसवतात, तिकडे मी, वर्तमानपत्राचा एक वार्ताहर आणि एका वकिलाचा असिस्टंट असे तिघेच असायचो, आमची चांगली गट्टी जमली होती.

पहिल्या वर्षीची गंमत सांगते. शाळेचं बजेट, काही कोटी डॉलरचं, तीन मिनिटांत पास. आणि नंतर फायर डिपार्टमेंटच्या एका ट्रकवर सव्वा तास! कारण शाळेचे आकडे कोणालाच झेपत नाहीत, पण ट्रक म्हटल्यावर प्रत्येकाला मत आहे, जुना अजून चालतो, टायर बदला, माझा मेहुणा दुरुस्त करून देईल. मागच्या रांगेत दोन बायका स्वेटर विणत बसलेल्या, त्या विणता विणताच कार्ड वर करायच्या. बाहेर आठवीच्या मुलांचा ब्राउनी विकायचा स्टॉल, त्यांच्या ट्रिपसाठी. आपल्याकडच्या ग्रामसभेचं मी नुसतं ऐकलंय, खरी अशी इथेच पाहिली.

आता तुझ्या शेताचं. ते बहुतेक चॅप्टर ६१ए या राज्याच्या टॅक्स कायद्याखाली असेल, म्हणजे पाच एकर किंवा जास्त शेतजमिनीला शेती म्हणून कमी टॅक्स लावतात, त्या बदल्यात मालक ती घरं बांधायला विकायला निघाला तर गावाला १२० दिवस मिळतात, तेवढ्यात गावानं तीच किंमत मोजली तर जमीन गावाला. गाव हा हक्क एखाद्या लँड ट्रस्टलाही, म्हणजे जमिनी राखणाऱ्या संस्थेलाही, देऊ शकतं. म्हणून हे सगळं इतकं घाईत चाललेलं दिसतंय. पैसे कर्ज काढून द्यायचे असतील तर साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश लागतात. तिथेच गाडी अडते.

बोलायचं असेल तर मॉडरेटरला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, आधीच जाऊन विचारून ठेव. मत नसलेल्यांना बोलू द्यायचं की नाही ते मीटिंगच्या हातात असतं, पण गावात राहणाऱ्याला बहुतेक वेळा देतात. थोडक्यात बोल. त्या डब्याचं सांग. बाकी एकर आणि व्याजदर सांगायला फायनान्स कमिटी बसलेलीच असते.

टोमणेबुवा

थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका. मी न्यू जर्सीत आहे, आमच्याकडे अशी मीटिंग नाही, नोव्हेंबरच्या बॅलटवरच प्रश्न असतो की ओपन स्पेससाठी, म्हणजे मोकळ्या जमिनी राखायला, टॅक्स लावायचा का. शंभर डॉलर किमतीमागे दोन सेंट वगैरे, ऐकायला काहीच नाही, पण असेस्ड किंमत पाच लाख असलेल्या घराला वर्षाला शंभर डॉलर होतात. लोक देतात, मीही दोनदा हो म्हटलंय.

पण एक बघा, शेत वाचवा म्हणून सगळ्यात जोरात ओरडणारे बरेचदा ते असतात ज्यांच्या खिडकीतून ते शेत दिसतं. त्यांचं स्वतःचं घर कोणाच्या तरी शेतावरच बांधलेलं असतं ना? माझ्या आधीच्या टाउनशिपमध्ये दोन एकरांना एक घर असा झोनिंगचा नियम, वर उरलेली जमीन राखीव, मग शाळेतली टीचर आणि गॅरेजवाला राहणार कुठे? दोघंही रोज पाऊण तास ड्राइव्ह करून यायचे. जमीन वाचवणं वाईट असं मी म्हणत नाही, पण कोणापासून वाचवतोय हेही विचारावं.

इथली फार्मलँडची स्कीम मात्र मला आवडते, १९८३ च्या कायद्यापासून आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते, तो फक्त त्यावर घरं बांधायचा हक्क विकून टाकतो, कायमचा. पुढे त्यानं ती कोणालाही विकली तरी तिथे शेतीच. रस्त्याकडेला पाटी असते, संडेला ड्राइव्हला गेलं की मुलं पाट्या मोजतात.

शरयू_काकू

टोमणेबुवा, मुद्दा खरा आहे, माझ्याच गावात हेच झालंय. फक्त आमच्या इथे २००० सालचा कम्युनिटी प्रिझर्वेशन अ‍ॅक्ट आहे, गावानं मतदानानं तो स्वीकारला तर प्रॉपर्टी टॅक्सवर तीन टक्क्यांपर्यंत सरचार्ज लावता येतो, आणि त्यातले किमान दहा टक्के मोकळ्या जागेला, दहा जुन्या वास्तूंना आणि दहा परवडणाऱ्या घरांना ठेवावेच लागतात. आता तेवढ्यानं गॅरेजवाल्याला घर मिळतं का, तर नाही मिळत. मी तीन वर्षं त्या कमिटीवर होते, घरांचा विषय आला की जिममध्ये एकदम सगळ्यांना ट्रॅफिक आठवतो.

चिखलवाट

व्हरमाँटहून. आमच्याकडे टाउन मीटिंग डे म्हणजे मार्चचा पहिला मंगळवार, राज्याची सुट्टीच असते. बर्फ वितळायला लागलेला असतो, कच्च्या रस्त्यांचा नुसता राडा, गाड्या रुतून बसतात, त्यामुळे दरवर्षी पहिला वाद रस्त्याच्या खडीवर हे ठरलेलं. दुपारी पॉटलक, प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं. मी पहिल्या वर्षी बटाटेवडे नेले, ज्या माणसानं सकाळी माझ्या शेजाऱ्याला भर सभेत खोटारडा म्हटलं होतं तो त्याच शेजाऱ्याबरोबर बसून वडे खात होता. मी बघतच राहिलो. संध्याकाळी दोघं मिळून खुर्च्या घड्या घालत होते.

आणि ग्रीन अप डे! मेचा पहिला शनिवार, १९७० पासून चालू आहे, तेव्हाचे गव्हर्नर डीन डेव्हिस यांनी सुरू केला. हिरव्या पिशव्या फुकट मिळतात, सगळं गाव रस्त्याकडेला हिवाळाभराचा कचरा उचलतं. मला एकदा खड्ड्यात एक अख्खा सोफा सापडला होता, त्यावर बसून फोटो काढला, मग आम्ही चौघांनी तो ट्रकवर चढवला. भेळभाऊ, अशा कामाला कोणी तुमचं मत आहे का विचारत नाही.

रविवार_दुपार

परेडचं मी लिहिते. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलचं चार जुलैचं सेलिब्रेशन १७८५ पासून आहे, देशातलं सलग चालत आलेलं सगळ्यात जुनं, तिथे रस्त्याच्या मधली रेघसुद्धा लाल-पांढरी-निळी रंगवलेली असते, वर्षभर तशीच. गर्दी मात्र अफाट, पार्किंगला देवच आठवतो.

पण मला लक्षात राहिलीय ती ओहायोतल्या एका खेड्यातली मेमोरियल डेची. परेड जेमतेम दहा मिनिटांची: दोन फायर ट्रक, हायस्कूलचा बँड, जुने ट्रॅक्टर, सायकलींना कागदी पट्ट्या लावलेली पोरं, आणि ट्रकवरून फेकलेली टॉफी गोळा करायला माझा मुलगा थेट रस्त्यात. लोकांनी आदल्या रात्रीच खुर्च्या फुटपाथवर मांडून जागा धरलेल्या, आणि कोणीच कोणाची खुर्ची हलवत नाही, याचं मला जास्त आश्चर्य. मग सगळे चालत सिमेट्रीत गेले. सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे. बँडमधला एक मुलगा ट्रम्पेटवर टॅप्स, म्हणजे सैनिकांना निरोप देताना वाजवतात ती धून, वाजवायला लागला आणि एका सुराला फाटला. थांबला, श्वास घेतला, पुन्हा तिथूनच उचललं. कोणी हसलं नाही, शेजारच्या आजोबांनी टोपी छातीशी धरलेली तशीच. माझे तिथे कोणीच नव्हते पुरलेले, तरी रडू आलं, का ते अजून कळत नाही.

कोरडी_भेळ

अपडेट. उशीर झाला, सॉरी. गेलो होतो, बायकोही आली (खुर्च्या मोजायला). बाजूच्या रांगेत आम्ही दोघं आणि एक कॉलेजचा मुलगा. काकू, तुमचा सल्ला ऐकून मॉडरेटरना आधी विचारलं, दोन मिनिटं मिळाली. पाय लटपटत होते, माइक खाली करायला लागला, तो चरचरला. डब्याचं सांगितलं, आणि टोमणेबुवांचं वाचून हेही बोललो की आमचं स्वतःचं घर १९८० च्या दशकात एका सफरचंदाच्या बागेवरच बांधलंय हे मला माहीत आहे. त्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "माझ्या काकांची बाग!" सगळे हसले. नंतर काका स्वतः भेटले, म्हणाले झाडं तशीही कीड लागलेलीच होती.

हातांनी अंदाज येईना म्हणून मोजणी झाली. दोन तृतीयांश हवे होते, जेमतेम दोन-तीन मतांनी पास! मतमोजणी झाल्यावर अर्धी जिम उठून घरी गेली आणि पुढच्या आर्टिकलला, म्हणजे वॉरंटमधल्या पुढच्या विषयाला, कोरम उरेल की नाही अशी पंचाईत. तो आर्टिकल कशाचा होता सांगू? ट्रकचा.

आता एक प्रॅक्टिकल प्रश्न. शनिवारी त्या शेताच्या कडेला गार्लिक मस्टर्ड नावाचं तण उपटायला बोलावलंय, कॉन्झर्वेशन कमिशनच्या बाईंनी पकडूनच ठेवलं मला. हे नक्की कसं करतात, काही घेऊन जायचं का?

शरयू_काकू

शाब्बास! आता सुटका नाही तुझी. पान चुरडून वास घे, लसणाचा आला की तेच. मुळासकट ओढ, खालून धरून हळूच, वरून खेचलंस तर तुटतं आणि परत फुटतं. पाऊस पडून गेला असेल तर सोपं जातं. बी धरायच्या आत काढायचं, आणि काढलेलं तिथेच टाकू नकोस, कंपोस्टमध्येही नाही, पिशवीत बांधून कचऱ्यात. फुल बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर पोरीच्या केसांत आणि कानामागे टिक्स (गोचिडी) बघ. पाणी ने. आणि बायकोला ने, तिला मोजायला बऱ्याच पिशव्या असतील.