पिसदुऱ्याच्या शिवारातले दगड: डायनासोरची अश्मीभूत विष्ठा ओळखायला आणि जपायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भूशास्त्र शिकलेलं किंवा संग्रहालयात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे माझ्या मावसभावाची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. नांगरट झाली की त्याच्या वावरात नेहमीच्या दगडांपेक्षा वेगळे गोटे वर येतात आणि वखराला आडवे येतात म्हणून तो ते वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकतो. आजूबाजूचे सगळेच तसं करतात. या वेळी गेलो तेव्हा त्यातला एक नीट पाहिला. मुठीएवढा, पिंगट-राखाडी, एका टोकाला चपटा आणि दुसरीकडे निमुळता होत गेलेला. वरून बारीक भेगा, उन्हात वाळलेल्या शेणाच्या पोवट्यावर असतात तशाच. एक कड फुटलेली होती, तिथे आत काळपट ठिपके दिसत होते. वजनाला आकाराच्या मानाने चांगलाच जड.

हे अश्मीभूत विष्ठेचे, म्हणजे कोप्रोलाइटचे नमुने असावेत असं मला वाटतंय, कारण पिसदुरा त्यासाठीच जगभर ओळखला जातो. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, इथली हाडं अभ्यासकांना माहीत आहेत. १९३९ साली भूशास्त्रज्ञ मॅटली यांनी इथल्या विष्ठाश्मांचं आकारानुसार वर्गीकरण केलं. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीत तर एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या (आयएसआय, ISI) लोकांनी तो काढला, म्हणून त्याचं नाव आता आयसीसॉरस. पिसदुऱ्याच्या नावाचं एक कासव आहे, जैनेमिस पिसदुरेन्सिस, आणि एक साप, मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस. इतक्या लहान गावाचं नाव शास्त्रात दोनदा कोरलं गेलंय, आणि गावातल्या शाळेत याचा साधा तक्ताही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी गोष्ट २००५ सालची. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांमध्ये गवताचे फायटोलिथ सापडल्याचं ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केलं. वनस्पती मुळातून पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतात आणि ती पेशींमध्ये साठते. गवताच्या पात्याने बोट कापतं ते तिच्यामुळेच. वनस्पती कुजते, सिलिकेचे हे सूक्ष्म कण, म्हणजेच फायटोलिथ, मात्र उरतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. तोवर समज असा होता की गवतं खऱ्या अर्थाने पसरली ती डायनासोर गेल्यानंतर. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या या विष्ठेत मात्र गवताचे एक नाही, अनेक प्रकार निघाले. डायनासोरांचा मुख्य चारा ते नव्हतं, ताड-माड, सूचिपर्णी आणि इतर झाडपाला जास्त होता. पण आपण भात-ज्वारी ज्या कुळातली खातो त्या कुळाचा इतिहास या शिवारातल्या गोट्यांनी मागे ढकलला. तेच गोटे आज धुऱ्यावर पडून फुटतायत, काही बाहेरून येणारे लोक पिशव्या भरभरून घेऊन जातायत. कुठून उचलला याची नोंद नसेल तर त्या दगडाला काय अर्थ उरतो?

तर मदत अशी हवी आहे:

विष्ठाश्म आणि चुनखडीचा साधा गोटा यांत शेतात उभं राहून फरक कसा करायचा? हाड असेल तर ते जिभेला चिकटतं असं म्हणतात, ती खूण विष्ठेला लागू पडते का? फोडून पाहण्याची माझी अजिबात तयारी नाही, त्यामुळे न फोडता पटणारं काही असेल तर सांगा.

जे वर आलेत ते उचलावेत की तिथेच ठेवावेत? उचलले तर मी जीपीएसचा आकडा, तारीख आणि मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो अशी नोंद करणार आहे. यात मातीचा नमुनाही घ्यावा का?

दाखवायचे कुणाला? नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, लखनौला जीवाश्मांचा अभ्यास करणारी बिरबल साहनी संस्था आहे. तिथे सामान्य माणसाने नमुना घेऊन जायची रीत काय, आधी पत्र पाठवावं का, हे अनुभवी माणसानेच सांगितलेलं बरं. आमच्या भागातल्या एका कार्यालयात विचारलं तर ‘दगडच आहेत ना’ म्हणून परत पाठवलं.

कायद्याची बाजूही कुणीतरी स्पष्ट करा. भू-वारशाच्या, म्हणजे जीवाश्म-खडकांसारख्या ठेव्याच्या जतनाच्या, विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने हरकतींसाठी खुला केला होता. मावसभावाची भीती वेगळीच आहे: ‘दादा, तू कोणाले सांगशील आन् सरकार माह्यं वावर घेईन.’ त्याची समजूत घालायला मला ठोस माहिती लागेल, नुसता दिलासा नको. ही भीती गावात अनेकांना आहे आणि म्हणूनच लोक काही सापडलं तरी गप्प बसतात.

शाळेत दोन-चार नमुने, नीट चिठ्ठी लावून, कायम ठेवता येतील का हेही सांगा. शिक्षक तयार आहेत.

जूनमध्ये पेरणीच्या आधी पुन्हा वखरणी होईल. त्याआधी नोंदीचं काम उरकायचं आहे, त्यामुळे निदान उचलावेत की नाही एवढ्याचं उत्तर लवकर मिळालं तर फार उपकार होतील. फोटो काढून ठेवलेत, मागाल तसे देतो.