चाई की गजकर्ण?

प्रश्न (परभणी): पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यात रुपयाएवढा चट्टा पडलाय. घरचे म्हणतात चाई आहे, लसूण घासा. घासावा का?

उत्तर: लसूण नकोच, कातडी भाजते. चट्टा उजेडात बघा. गुळगुळीत असला तर बहुधा चाई, म्हणजे नुसते केस गळून पडलेला चट्टा. कित्येकदा काही महिन्यांत केस आपसूक येतात. खपली, खाज, तुटक्या केसांचे काळे ठिपके असले तर गजकर्णाचा, म्हणजे बुरशीच्या रोगाचा, संशय घ्या.

उत्तर: गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही, बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते. त्वचेचे डॉक्टर खपली खरवडून तपासतात, वजनाप्रमाणे पोटातून औषध देतात. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीचं औषध असेल तर साधारण 6 ते 8 आठवडे. मधेच सोडू नका. मेडिकलवरच्या स्टेरॉइडच्या ट्यूबनं खाज थांबते, बुरशी मात्र पसरते.

उत्तर: गजकर्ण असेल तर पोराचा कंगवा, टॉवेल, टोपी वेगळी ठेवा. भावंडांची डोकी तपासा, घरात मांजराचं पिल्लू असेल तर तेही. सूज येऊन पू झाला तर फोडू नका, त्याच दिवशी दाखवा.