वसतिगृहातल्या मुलींना पाळीसाठी कप द्यायचे की पॅड? आमच्यात वाद पेटलाय

सायली_ठाणे:
आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने यंदा हळदीकुंकवाचं वाण न लुटता तो पैसा शहापूरकडच्या मुलींच्या एका सरकारी आदिवासी वसतिगृहाला द्यायचं ठरवलंय. आठवी ते दहावीच्या मुली आहेत. इथवर सगळ्या खूश. मग एकीने टूम काढली की सगळ्यांना मेन्स्ट्रुअल कप (पाळीत आत बसवायचा, रक्त साठवणारा मऊ कप) देऊ, एकदा दिला की वर्षानुवर्षं बघायला नको, कचरा नाही, केमिकल नाही, आणि बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मला हे अजिबात पटलेलं नाही. कप वाईट म्हणून नाही, मी स्वतः वापरते. पण तिथे उन्हाळ्यात टँकर येतो, संडासात नळ नाही, बाहेरच्या टाकीतून डबा भरून न्यायचा. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने कप काढायचा, ओतायचा, धुवायचा, परत बसवायचा आणि बाहेर चारजणी दार वाजवतायत. पाळी संपली की उकळायला पातेलं कोण देणार, स्वयंपाकाच्या मावशी? देतील?? माझं म्हणणं, साधे बिनवासाचे पॅड द्या, वर्षभर पुरतील एवढे. बोला.

रानजाई:
म्हणजे आपण कप वापरायचा आणि त्या मुलींना मात्र "तुम्हाला नाही जमायचं". सॉरी, पण हे मला खटकलं. आणि पाण्याचा मुद्दा तू उलटा मांडतेयस. कप बारा तासांपर्यंत चालतो, म्हणजे सकाळी अंघोळीला एकदा आणि रात्री एकदा, दोन्ही वेळा बाथरूममध्ये, शाळेच्या घाणेरड्या संडासात हात लावायचीच गरज नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, मग जास्त वेळा कोण जाणार? २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये कपवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, गळती पॅडइतकीच किंवा कमी, आणि वापरून बघितलेल्यांपैकी साधारण ७० टक्के बायकांना पुढेही कपच हवा होता. केनियात शाळकरी मुलींना देऊनही बघितलेत. लांब कशाला, केरळात आलप्पुळामध्ये ५००० कप वाटले, पुरानंतर वापरलेल्या पॅडांचं करायचं काय हा प्रश्न पडला होता म्हणून.

कोपऱ्यातला:
सगळं ठीक आहे, पण चौदा वर्षांच्या पोरीला आत घालायची वस्तू दिली तर आईबाप वसतिगृहावर मोर्चा नेतील. योनीपटल ताणलं की कौमार्य गेलं वगैरे गोष्टी गावाकडे अजून मानतात. वस्तुस्थिती सांगतोय, शिव्या घालू नका.

रानजाई:
@कोपऱ्यातला ते पटल खेळताना, सायकल चालवताना पण ताणलं जातं, तेव्हा कुणी मोर्चा काढत नाही. आईबापांना शिकवा ना मग.

ओपीडीतून:
तालुक्याच्या गावात स्त्रीरोग बघते म्हणून थोडं लांबलचक लिहिते. माझ्याकडे या वयाच्या मुली येतात त्या बहुतेक जांघा सोलवटल्यात, खाज सुटते म्हणून, आणि विचारलं की कळतं सकाळी सातला लावलेला पॅड संध्याकाळी घरी जाऊन बदलला. का, तर शाळेत टाकायला जागा नाही. कुठल्याही कंपनीचा पॅड आणा, दहा तास ओला ठेवला तर कातडीचं हेच होणार. वासाचे पॅड तर घेऊच नका, रक्ताला वास येतो तो हवेशी संबंध आल्यावर, सुगंधाने तो जात नाही, पुरळ मात्र येतं. कपच्या बाबतीत लोक टॉक्सिक शॉकची भीती घालतात, म्हणजे एका जंतूचं विष रक्तात जाऊन होणारा आजार, त्याचं खरं काय ते सांगते. १९८० मध्ये अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे (आत घालायचा बोळा) बऱ्याच बायका आजारी पडल्या, काही गेल्या, एक ब्रँड बाजारातून मागे घ्यावा लागला. कपमध्येही अशा केस नोंदल्या गेल्यात, पण अगदी मोजक्या. त्यामुळे कप घातक नाही. पण हात न धुता घातला, दोन दिवस तसाच ठेवला, तर चालणार नाही. आणि पहिले दोन-तीन महिने तो नीट बसत नाही, मुली रडकुंडीला येतात, तेव्हा शेजारी कुणीतरी लागतं. एका शनिवारी येऊन कप वाटून फोटो काढून गेलात तर ते कप ट्रंकेच्या तळाशी जातील.

(मोठ्या बायकांसाठी जाता जाता, तांबी बसवली असेल तर कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, ओढताना तांबी सरकू शकते.)

घंटागाडी:
पॅडवाल्यांना एकच प्रश्न, वापरलेले जाणार कुठे? वसतिगृहाच्या मागे खड्डा नाहीतर चूल, हेच ना? आत प्लॅस्टिक आणि जेल असतं, जळताना नाकात जातं ते वेगळंच. आमच्या पुण्यात २०१३ मध्ये 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून कंपन्यांनाच परत पाठवले होते, कारण ते न गुंडाळलेले पॅड त्यांनाच हाताने निवडावे लागायचे. २०१६ च्या घनकचरा नियमात कंपन्यांनी टाकायला पिशवी किंवा वेष्टन द्यावं असं लिहिलं होतं. तुमच्या मेडिकलवाल्याने दिली कधी? तो फक्त विकताना काळ्या पिशवीत घालून देतो, जसं काही दारूच.

मेथीचीजुडी:
आणि पॅडमधली केमिकल्स? २०२२ मध्ये दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने बाजारातले दहा पॅड तपासले, सगळ्यांत थॅलेट्स (प्लॅस्टिक मऊ करायची रसायनं) निघाली. मुलींच्या हार्मोन्सशी खेळ चाललाय नुसता. सेंद्रिय घ्या निदान.

ओपीडीतून:
@मेथीचीजुडी त्याच तपासणीत सेंद्रिय म्हणून विकलेलेही होते आणि त्यांच्यातही थॅलेट्स निघाली. पॅडमध्ये आहे एवढं कळलं, त्यातलं अंगात किती जातं हे त्या तपासणीने मोजलेलं नाही. सरकारने मर्यादा ठरवून द्यायला हवी हे शंभर टक्के, पण म्हणून तिप्पट पैसे देऊन हिरव्या पानाचं चित्र विकत घेऊ नका.

जुनी_घडी:
मी साठीतली. तुम्ही कापडाला या चर्चेत घेतलंच नाही. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ वाली, १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुलींनी कापडही वापरतो असं सांगितलंय. सुती कापडाचे शिवलेले पॅड मिळतात, बचत गट करतात. आधी गार पाण्यात, मग साबणाने, मग कडक उन्हात. आमच्या पिढीचा घोळ कापडाने नाही केला, ते साडीखाली, पत्र्यामागे लपवून वाळवण्याने केला. दमट राहायचं आणि परत तेच घ्यायचं. मुलींचंच वसतिगृह आहे, दोरी बांधा की गच्चीत.

सायली_ठाणे:
@जुनी_घडी काकू, पण धुवायला पाणी सगळ्यात जास्त त्यालाच. टँकरच्या दिवसांत एप्रिल-मेमध्ये काय?

जुनी_घडी:
एप्रिल-मेमध्ये सुट्टी असते गं, मुली घरी.

सायली_ठाणे:
घरी तरी कुठे नळ आहे 😀 बरं, आज तिथल्या अधीक्षिकाबाईंशी बोलले. मुलींना विचारलं तर वीसेक मोठ्या मुलींना कप बघायचाय, बाकीच्यांना पॅडच हवेत आणि चार जणी म्हणाल्या आम्ही कापडच वापरतो आम्हाला नवीन द्या. मी मंडळात असं मांडणार आहे: पॅड जनऔषधी केंद्रातले 'सुविधा' नावाचे, १ रुपयाला एक पडतो, त्यामुळे पैसे उरतात. उरलेल्यात बाथरूमपर्यंत नळ, दाराला आतून कडी, झाकणाच्या बादल्या. कप फक्त ज्या मागतील त्यांना, आणि एक नर्स महिन्यातून एकदा, निदान तीन महिने.

रानजाई:
कपचं ठीक. पण नळ आणि कडी? ते आदिवासी विकास विभागाचं काम आहे. तुम्ही वाणाच्या पैशातून केलंत की ते कधीच करणार नाहीत. अर्ज द्या, पाठपुरावा करा, इथे टाका, मीही सही करते.

ओपीडीतून:
अर्ज द्याच. पण कडी शंभर-दीडशे रुपयांची आहे, ती याच आठवड्यात लावा. नर्सचं मी बघते, आमच्याकडच्या एक सिस्टर तयार आहेत, फक्त गाडीभाडं द्यावं लागेल.

घंटागाडी:
आणि वापरलेले पॅड?? कुणीच उत्तर दिलं नाही अजून.