एम.ए. प्रकल्पासाठी शांततेनं सुटलेला वाद कोणता घ्यावा? (बजेट २ हजार)

परभणी_एमए
राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. विषय 'आंतरराष्ट्रीय वादांचं शांततामय निराकरण'. एकच वाद घ्यायचाय, ६० पानं, मराठीतून. पुस्तकं-झेरॉक्स मिळून २ हजारांच्या वर जमणार नाही. पुणे-दिल्ली सुचवू नका.

गोदाकाठ
पुण्याला महिनाभर राहा, ग्रंथालयात बसा. १५-२० हजारांत होतंय.

बालाघाट
वर काय लिहिलंय ते वाचत चला की राव.
पुस्तक घ्यायचं कामच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ३३ आधी पाठ करा: वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, सामोपचार, लवाद, न्यायालय, प्रादेशिक संघटना. वाद यातल्या कोणत्या वाटेनं गेला आणि आधीची वाट कामून बंद पडली, एवढंच लिहायचं. कच्छचं रण घ्या, भारत-पाकिस्तानचा सीमावाद. जून १९६५ मध्ये ब्रिटिश मध्यस्थीनं युद्धबंदी, मग तिघांचं लवाद मंडळ, १९ फेब्रुवारी १९६८ ला निवाडा. पाकिस्तानला दाव्याच्या सुमारे १० टक्के भाग मिळाला. निवाडा संयुक्त राष्ट्रांच्या लवाद-निवाड्यांच्या संग्रहात, खंड १७ मध्ये, फुकट आहे.

सेलू_पॅसेंजर
त्यापेक्षा सिंधू करार. भारत-पाकिस्तानचा नदीपाण्याचा, १९६० चा. पायऱ्याच ठरवून दिल्यात: 'प्रश्न' दोन्ही देशांच्या आयोगाकडे, 'मतभेद' तटस्थ तज्ज्ञाकडे, 'तंटा' लवादाकडे. बगलीहार धरणाचं प्रकरण तज्ज्ञाकडे गेलं (निर्णय २००७), किशनगंगा प्रकल्पाचं लवादाकडे (निवाडा २०१३). तुलना आयती.

बालाघाट
आयती आहे, पण एप्रिल २०२५ मध्ये भारतानं करार स्थगित केला. दिवाळीत लिहिलेलं प्रकरण उन्हाळ्यात शिळं होईल.

गोदाकाठ
लवाद काय, मध्यस्थी काय, एकच.

मांजरा_७
एक नाही. मध्यस्थ तोडगा सुचवतो, नाही पटला तर उठून जाता येतं. लवाद आधी मान्य केला की निवाडा बांधतो. ताश्कंद (१९६६) ही सोव्हिएत मध्यस्थी, कच्छ हा लवाद. बातम्यांत दोन्हीला 'मध्यस्थी' छापतात, म्हणून बातमीवरून प्रकार ठरवू नका, मूळ करारात कोणता शब्द आहे ते बघा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

कच्छचा खंड ५०० पानांच्या वर आहे. सलग वाचाल तर दम निघेल. आधी शेवटचा निर्णय, मग दोन्ही बाजूंची मागणी, मग अध्यक्ष लागरग्रेन यांचं मत, मग भारतानं नेमलेले बेब्लर यांचं विरोधी मत. निर्णय २-१ चा आहे, 'सर्वानुमते' लिहू नका. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा मगनभाई खटला जोडा: भूभाग देणं वेगळं, संदिग्ध सीमा ठरवून घेणं वेगळं, म्हणून निवाडा अमलात आणायला घटनादुरुस्ती लागली नाही.

एक तक्ता लागेलच. डावीकडे प्रत्येक बाजू काय मागते, उजवीकडे तिला खरंच काय हवंय. बहुतेक प्रकल्पांत उजवा रकाना डाव्याचीच नक्कल असतो. उजवीकडे कारण येतं: सुरक्षा, पाणी, अब्रू.

कळंबकर
कुलभूषण जाधव खटला कुणी सुचवला नाही? आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल, १७ जुलै २०१९, १५ विरुद्ध १. परदेशात अटक झालेल्याला स्वतःच्या वकिलातीची मदत, म्हणजे वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६.

बालाघाट
चांगलाय. पण न्यायालयीन वाट एकच दिसते. कच्छात मध्यस्थी आणि लवाद दोन्ही.

सेलू_पॅसेंजर
मीपण कच्छच म्हणतो.

गोदाकाठ
मी आधीपासून कच्छच म्हणत होतो.

परभणी_एमए
सगळ्यांचे आभार. मी बाभळी घेतोय, गोदावरीवरच्या बंधाऱ्याचा महाराष्ट्र-आंध्र वाद. २८ फेब्रुवारी २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: साठा २.७४ टीएमसी, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं, देखरेखीला तिघांची समिती. निकाल पाळला जातो का ते डोळ्यांनी बघता येतं. बंधाऱ्याजवळच्या धर्माबादला थेट रेल्वे आहे.

मांजरा_७
गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा जोडून घ्या, त्याशिवाय मूळ सापडणार नाही. आणि राज्यघटनेचं कलम २६२ तयार ठेवा, त्यानुसार संसद राज्यांच्या पाणीतंट्यांत न्यायालयांना मनाई करू शकते. पाणीतंट्यात न्यायालय कसं आलं, हा पहिला प्रश्न असेल.

बालाघाट
अहो, विषयात 'आंतरराष्ट्रीय' लिहिलंय तुमच्या.

परभणी_एमए
सरांना विचारलं. म्हणाले, 'आंतरराज्यीय' करून आणा, अर्ज शुक्रवारपर्यंत.