मदत हवी आहे: सगळी रोपं जांभळी आली, तर पालक शुद्ध म्हणायचा का?

वाटाण्याच्या संकरांची उदाहरणं सोडवतेय (जांभळा, पांढरा म्हणजे फुलांचा रंग). संततीचे आकडे दिलेत, त्यावरून पालकांचा जीनोटाइप, म्हणजे प्रत्येक लक्षणाची जनुकजोडी, ओळखायचा. उंच (उ) आणि जांभळा (जां) प्रभावी, बुटका (बु) आणि पांढरा (पां) अप्रभावी; शुद्ध म्हणजे जोडीतली दोन्ही जनुकं सारखी, जसं जांजां. एका ठिकाणी पार अडकलेय.

आधी जे जमलंय ते तपासून द्या. उंच जांभळा × उंच पांढरा, संतती 160: उंच जांभळी 62, उंच पांढरी 58, बुटकी जांभळी 19, बुटकी पांढरी 21. चारही आकडे एकदम पाहिले की गोंधळ उडतो, म्हणून एकेक लक्षण सुटं केलं. उंच 120, बुटकी 40, म्हणजे 3:1. बुटक्या रोपाला 'बु' दोन्हीकडून मिळायला हवा, तेव्हा दोन्ही पालक उबु. जांभळी 81, पांढरी 79, म्हणजे जवळपास 1:1. मग उत्तर उबु जांपां × उबु पांपां. बरोबर ना?

आता अडचण. जांभळा × जांभळा, संतती फक्त 8, सगळी जांभळी. मागे उत्तर छापलंय, 'निदान एक पालक जांजां'. पण दोघंही जांपां असले, तरी प्रत्येक रोप जांभळं निघण्याची शक्यता 3/4 आहेच. 3/4 आठ वेळा गुणलं तर 0.1 येतं. दहातल्या एका वेळी हेच दिसणार! मग इतकं ठाम कसं लिहायचं? आणि किती रोपं लावली की भरवसा ठेवता येईल?

प्रतिसाद:
पहिलं अगदी बरोबर. दुसऱ्यातली शंकाही रास्त आहे. एक जरी पांढरं रोप उगवलं, तरी दोन्ही पालक जांपां हे पक्कं. पांढरं न दिसणं मात्र नुसता कौल, पुरावा नाही. परीक्षेत छापील उत्तरच लिहा, खाली 'संतती कमी असल्याने खात्री नाही' ही ओळ जोडा.

असाच संकर वाढवलात तर चुकीची शक्यता 5 टक्क्यांखाली यायला 11 रोपं लागतात, 1 टक्क्याखाली यायला 17. खुद्द मेंडेल झाड शुद्ध आहे का हे पाहायला त्याच्या स्वपरागणाच्या 10 बिया लावत असे. त्यात संकरित झाडांपैकी सुमारे 5.6 टक्के शुद्ध समजली जाणार, हे संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1936 मध्ये दाखवून दिलं. त्यापेक्षा टेस्ट क्रॉस करा, म्हणजे पालकाचा पांढऱ्याशी (पांपां) संकर. तिथे चुकीची शक्यता दर रोपागणिक निम्मी होते: 5 रोपांना 1/32, 7 रोपांना 1/128.

धागाकर्ती:
खूप आभार, आता आकडे बोलायला लागले. पण एक राहिलंच. एक पालक खरोखर जांजां असेल, तर दुसरा जांजां की जांपां, हे या संततीवरून कधीच कळणार नाही ना?

प्रतिसाद:
नाही कळणार, हजार रोपं लावलीत तरी. रंग सगळ्यांचा जांभळाच. म्हणून दोन्ही पालकांचा टेस्ट क्रॉस वेगवेगळा करायचा, आणि बियांच्या पुड्यांवर कुठल्या झाडाच्या ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.